सूचना : मधुमेही सभासदांची साखर आणि डोळे तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीच्या जागी तपासणी आहे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी यायचंच.

मधुमेह पाय आणि किडनी बिघडवतो हे आपल्याला पाठ आहे. पण साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा होते. मग नुसता विसरभोळेपणा येतो असं नाही. विचार मंदावतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, अंतराचा अंदाज चुकतो. पाखाडीची पायरी दिसते, तरी पाऊल भलतीकडे पडतं. साकव ओलांडताना उगाच कुणाचा तरी हात धरावासा वाटतो. दोष कधी डोळ्याच्या पडद्यात असतो, कधी मेंदूत; दर वेळी चष्म्याचा नंबर बदलून भागत नाही. ‘वय झालं’ म्हणून घरच्यांनीही सोडून देऊ नये.

साखर ७० च्या खाली गेली तरी माणूस गोंधळतो, घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. (एकादशीला गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणं आपल्याकडे फार चालतं. ते आधी डॉक्टरांना विचारा.)

जुनी फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरीच ठेवा आणि सोबतीला कुणाला तरी घेऊन या.

— कार्यवाह