नवं कुठून घ्यावं, जुनं कुठून घ्यावं

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मुंबईत पुस्तकं घ्यायला कुठे जाऊ, असं तू परवा विचारलंस. दोन दुकानांची नावं फोनवरही सांगता आली असती, पण या बाबतीत माझं ठाम मत आहे आणि ते नीट मांडायचं म्हणून लिहायला बसलो. जी माणसं आज लिहिताहेत, त्यांचं पुस्तक नवं कोरं घ्यायचं, दुकानातून, बिल देऊन. जुन्या बाजारात हिंडायचं ते पुन्हा छापलं न गेलेल्या पुस्तकांसाठी.

मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची असते आणि ती खपायला वर्षं लागतात. लेखकाला किमतीच्या साधारण दहा टक्के मिळतात, म्हणजे 300 रुपयांच्या पुस्तकामागे 30 रुपये. तीच प्रत फुटपाथवर घेतली तर त्याच्या हाती काहीच पडत नाही, आणि पुढची आवृत्ती काढायची की नाही हे ठरवताना प्रकाशकाच्या हिशेबातही ती विक्री येत नाही.

नव्या मराठी पुस्तकांसाठी दादर पश्चिमेला आयडियलमध्ये जा. हवं ते नसेल तर मागवून देता का, असं सरळ विचार. फोर्टात तुझ्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखं किताबखाना आहे. 2011 साली सुरू झालेलं हे दुकान 2020च्या डिसेंबरात आगीत सापडलं आणि काही महिन्यांतच पुन्हा उघडलं. तिथे इंग्रजीबरोबर मराठीही ठेवतात. त्याच भागातलं स्ट्रँड मात्र 2018 मध्ये कायमचं बंद झालं. शानभागांनी 1948 साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात छोट्याशा जागेत सुरू केलेलं, नावाजलेलं दुकान. म्हणून सांगतो, दुकानात तासभर पुस्तकं चाळायची, नावं टिपून घ्यायची आणि घरी येऊन मोबाइलवर स्वस्तात मागवायची, हे तू करू नकोस. दुकानदाराने पुस्तक मागवलं, मांडलं, जागेचं भाडं भरलं, म्हणून ते तुझ्या नजरेस पडलं. आपल्यासारख्या गावाकडच्या वाचकाची गोष्ट वेगळी. इथे जवळ पुस्तकाचं दुकान नाही, म्हणून बुकगंगावरून घरपोच मागवणं ही आमची खरी सोय आहे.

आता फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ. तिथे अवश्य जा, पण डोळे उघडे ठेवून. गाजलेली नवी इंग्रजी पुस्तकं निम्म्याहून कमी भावात रचलेली दिसली तर ती बहुधा चोरून छापलेली असतात. कव्हरवरची अक्षरं किंचित पुसट, कागदातून मागच्या पानावरचा मजकूर दिसतो, समास वाकडे, पाठीचा डिंक दोनदा उघडल्यावर सुटतो. अशी प्रत घेऊ नकोस, मग ती शंभर रुपयांत का मिळेना. ते सेकंडहँड नव्हे, ती लेखकाची चोरी आहे.

खरं जुनं पुस्तक हातात आलं की आधी वास घे. कुबट वास म्हणजे ओल, आणि ती तुझ्या कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांनाही लागते. मग पानांचे आकडे बघ. पुस्तक फॉर्माफॉर्माने बांधतात, फॉर्मा बहुतेक सोळा पानांचा, त्यामुळे गहाळ झालं तर एकदम सोळा पानं जातात. शिवण असलेली बांधणी घे, ती पुन्हा बांधून घेता येते. कसरीने कडेला खाल्लेलं चालेल, अक्षरांपर्यंत पोचलेलं नको. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि ‘रद्द’ असा शेरा नसेल, तर ते पुस्तक परत ठेव. ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यावर हे मला सांगावंच लागतं. कुणाला अभ्यासाची पुस्तकं हवी असली तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पाठव. वर्ष संपलं की विद्यार्थी तिथेच ती परत विकतात.

पुष्कळ वाचकांना ठाऊक नसलेली एक जागा चर्नी रोडला आहे, शासकीय ग्रंथागार. महात्मा फुले यांचं समग्र वाङ्मय, 1979 पासून राज्य सरकारने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, जिल्ह्यांची गॅझेटिअर, हे सगळं तिथे नवं आणि अगदी कमी किमतीत मिळतं. एखादा खंड संपलेला असतो, तेव्हा चिकाटी हवी. कारभार सरकारी आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस.

आणि 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर जाच. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं पदरचे पैसे मोजून पुस्तकं घेतात, पिशव्या भरून परत नेतात. मोठ्या दुकानांत न दिसणारे छोटे प्रकाशक, पुस्तिका, जलशांच्या गाण्यांचे संग्रह तिथे मिळतात. मराठी माणूस वाचत नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे पाहिलेलं नसतं. तिथे भाव करू नकोस. सकाळी लवकर जा, सुटे पैसे आणि पाण्याची बाटली जवळ ठेव.

चर्नी रोडला गेलीस तर आपल्या सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर मराठीत शिल्लक आहे का ते बघ. असेल तर दोन प्रती घे, एक घरी आणि एक इथल्या ग्रंथालयाला. पैसे मी पाठवतो.

तुझे,
बाबा