दोन मिनिटांच्या सुरुवातीसाठी : आपल्या गावच्या विद्यार्थ्यांच्या लघुपटास साहाय्य करण्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

करवीर तालुक्यातील आमचे सार्वजनिक वाचनालय आजवर पुस्तके, कपाटे आणि इमारतीची दुरुस्ती एवढ्यांसाठीच आपल्याकडे आले आहे, आणि आपण ते कधी रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. या वेळचे मागणे वेगळे आहे. वाचनालयाच्या बालविभागात वाढलेली आणि सध्या नववी ते बारावीत शिकणारी २२ मुले-मुली एका लघुपटाची तयारी करीत असून, त्याच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांचे चित्रीकरण जानेवारीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातील शनिवार-रविवारी ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळावर करण्याचे ठरले आहे. त्यासाठी ४१,६०० रुपये कमी पडत आहेत. ते मागण्याआधी मुलांनी काय केले आहे आणि पैसा नेमका कशावर खर्च होणार आहे, हे आपणांस सविस्तर सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

संपूर्ण लघुपट न करता केवळ सुरुवात का, असे कार्यकारी मंडळाच्या बैठकीतही विचारले गेले. त्याचे उत्तर मुलांनीच दिले. अख्खा लघुपट घाईने उरकून तो कसाबसा दाखवण्यापेक्षा दोन मिनिटे नीट आखून, नीट चित्रित करून गावापुढे ठेवावीत आणि ती पाहून गावाला योग्य वाटले तरच पुढे जावे, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटले. दादासाहेब फाळके यांनी पूर्ण लांबीचा चित्रपट हाती घेण्यापूर्वी, १९१२ साली, मटारचा दाणा पेरून त्याचे रोप कसे वाढत जाते याचे छोटेसे चित्रण केले होते आणि भांडवल देऊ शकतील अशा मंडळींना आधी तेच दाखवले होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, त्यामागेही ते रोप होतेच. आमची मुले आपणांस दागिने मागत नाहीत. मात्र आधी थोडे करून दाखवावे आणि मग मदत मागावी, ही रीत त्यांनी तिथूनच उचलली आहे.

कथा आपल्या परिचयाची आहे. गुळव्याचे, म्हणजे रस शिजवून गूळ करण्याचे, काम करणाऱ्या बापाची दहावीतली मुलगी पहाटे चारला भाकरी घेऊन गुऱ्हाळावर निघते. गावातील गुऱ्हाळे एकेक करून बंद पडत चालली आहेत, ऊस कारखान्याकडे जात आहे, रात्रभर जाळापुढे बसायला माणसे मिळत नाहीत. यातले काहीही सुरुवातीला कोणी बोलून दाखवणार नाही. सुरुवातीत एकही संवाद नाही. अंधार, चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीच्या, तोंडाशी सरकवली जाणारी उसाची चिपाडे, जाळाचा चरचर आवाज, रस उकळणाऱ्या मोठ्या कढईवरची, म्हणजे काहिलीवरची, वाफ आणि त्या वाफेतून पुढे येणारी मुलगी, एवढेच १४ शॉटमध्ये दिसणार आहे. मुलीचा चेहरा बाराव्या शॉटपर्यंत प्रेक्षकाला दिसत नाही. तो इतका उशिरा का दाखवायचा, यावर मुलांत तीन दिवस वाद झाला. एका गटाचे म्हणणे होते की, सुरुवात मुलीच्या अनवाणी पावलांपासून व्हावी. दुसऱ्या गटाला जाळ आधी हवा होता. अखेर दोन्ही क्रम कागदावर काढून, ते कागद भिंतीवर ओळीने चिकटवून, वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांना दाखवण्यात आले. बहुतेकांनी जाळाला कौल दिला. पावलांच्या बाजूने असलेल्या मुलीने तो मान्य केला आणि नंतरचा सगळा स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटच्या चित्रांची आखणी, तिनेच रेखाटला.

आपण कोल्हापूरकर आहोत, तेव्हा आधी कागदावर काढण्याचे महत्त्व आपणांस वेगळे सांगायला नको. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. चित्रपटाच्या चित्रीकरणापूर्वी ते पात्रांचे वेश आणि देखावे स्वतः रेखाटून ठेवीत, आणि त्यांचे सहकारी आनंदराव पेंटर यांच्या निधनानंतर विष्णुपंत दामले यांच्या साथीने त्यांनी कॅमेराही इथेच घडवून पूर्ण केला. याच शहरात १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. ती १९३३ साली पुण्यास गेली आणि तिच्या तेथील जागेत १९६० पासून देशाची चित्रपट शिक्षणसंस्था चालू आहे. हा वारसा सभासमारंभांतून आपण नेहमी ऐकतो. परंतु शहरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील मुलांच्या हाती त्यातले काय आले, असा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस होता, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

मुलांनी तयारी कशी केली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. वाचनालयाच्या सभागृहातील सतरंजी गुंडाळून त्यांनी फरशीवर खडूने गुऱ्हाळाचा नकाशा खऱ्या मापात आखला. चुलवाणाच्या जागी ट्रॅक्टरचे जुने टायर, काहिलीच्या जागी घमेले आणि गूळ ओतून गार करण्याच्या वाफ्याच्या जागी अंथरलेले पोते. बाप आणि मुलगी यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढली आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूस राहील, असा नियम केला; रेघ ओलांडली तर पडद्यावर दोघे एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेला पाहत आहेत असे भासते, हे त्यांनी मोबाईलवर करून पाहिले आणि आम्हालाही करून दाखवले. ग्रंथपालांनी आठवडाभर ती रेघ पुसू दिली नाही.

दिवाळीच्या सुटीत गुऱ्हाळावर दोन रात्री चाचणी झाली. ती फसली, आणि कशामुळे फसली ते सांगणे आवश्यक आहे, कारण आजची मागणी त्यातूनच निघाली आहे. मोबाईलचा कॅमेरा जाळाची झळाळी आणि मागचा अंधार यांच्यात सावरेना. वाफ आडवी आली की उजेड आपोआप कमीजास्त व्हायचा आणि फोकस मागेपुढे फिरत राहायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी भाड्याने कॅमेरा आणला, तर त्याची बॅटरी मध्यरात्रीच संपली आणि सोबत दिलेली दुसरी मुळात निकामी निघाली. जे थोडे चित्रण हाती आले, त्यात गुऱ्हाळावरच्या ट्यूबलाइटमुळे आडवे पट्टे उमटले होते. अकरावीतल्या एका मुलाने शोधाशोध करून कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंदावर ठेवले आणि पट्टे गेले. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे हे होते, याचा उलगडा त्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडला. या एका गोष्टीसाठीसुद्धा ती रात्र वाया गेली असे आम्ही मानत नाही.

मात्र सर्वांत मोठी चूक आवाजाची झाली. पाक दाट होत आला की गुळव्या पळीभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्याच्या काठावर आपटतो. गोळी टण्ण वाजली की आधण उतरवायचे. हा आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना तो वेगळा ओळखू येतो. मुलांनी आपल्या आखणीत सगळी सुरुवात या एका आवाजावर नेऊन ठेवली आहे : तेराव्या शॉटमध्ये बाप पाण्यात हात घालतो, सगळे आवाज मावळतात, गोळी वाजते, आणि त्याच क्षणी काळ्या पडद्यावर लघुपटाचे नाव उमटते. चाचणीच्या रात्री उसाच्या चरकाची मोटर चालू होती. रेकॉर्डिंगमध्ये घरघर तेवढी आली. गोळी मुळीच ऐकू आली नाही. मुले फार हिरमुसली. गुळव्यांनी मात्र त्यांना सांगितले की, "तुम्ही ऐकायला आलात, हेच लई झालं. पुढच्या खेपेला चरक बंद ठेवू."

चरक बंद ठेवणे म्हणजे मालकाचे नुकसान, हे आपण जाणता. काम खोळंबले की मजुरांचे तास जातात आणि तोडून आणलेला ऊस वाळत पडतो. मालक पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यांची भरपाई केल्याशिवाय चित्रीकरण करायचे नाही, असा ठराव मुलांनीच केला आणि त्यासाठी ६,००० रुपये राखून ठेवले.

एकूण खर्च ५७,००० रुपये धरला आहे. त्यात कॅमेरा, लेन्स आणि चार जादा बॅटऱ्यांचे चार दिवसांचे भाडे १४,००० रुपये असून, या वेळी प्रत्येक बॅटरी घेतेवेळी चालवून पाहिली जाईल. गन माईक, स्वतंत्र रेकॉर्डर आणि हेडफोन यांना ६,००० रुपये, तर जाळाच्या रंगाशी जुळणारे दिवे आणि स्टँड यांना तेवढेच लागतील. माईक उंच धरण्याच्या बूमसाठी बांबू आणि उजेड परतवण्यासाठी थर्माकोलचे तक्ते मुलांनी जमवले आहेत. चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क घ्याव्या लागतील; त्यांना १०,००० रुपये पडतील. या खर्चाला काही सदस्यांचा विरोध होता. परंतु चार रात्रींचे कष्ट एका बिघाडात जाऊ नयेत, म्हणून तो मंजूर झाला. संकलनासाठी वाचनालयाच्या संगणकाची क्षमता वाढवण्यास ८,००० रुपये लागतील, आणि तो संगणक पुढे सर्व वाचकांच्या उपयोगी पडेल. मालकांच्या भरपाईचे ६,००० रुपये वगळता उरलेले ७,००० रुपये ने-आण, औषधपेटी आणि विमा यांसाठी आहेत. वाचनालयाने आपल्या निधीतून १२,००० रुपये दिले आहेत आणि मुलांनी घरोघरची रद्दी गोळा करून, ती विकून ३,४०० रुपये जमवले आहेत. बाकी रक्कम आपणांकडून अपेक्षित आहे.

पालकांच्या मनातील दोन शंकांचेही येथे निरसन करतो. पहिली अभ्यासाची. दहावी आणि बारावीच्या विद्यार्थ्यांकडे केवळ आखणीचे काम होते आणि ते पूर्ण झाले आहे. जानेवारीत रात्री जागण्याची परवानगी त्यांना दिलेली नाही. मुलीची भूमिकाही नववीतील विद्यार्थिनी करणार आहे. दुसरी शंका सुरक्षिततेची, आणि ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. उकळत्या काहिलीपासून दहा फुटांवर दोरी बांधली जाईल आणि तिच्या आत गुऱ्हाळावरच्या कामगारांखेरीज कोणीही जाणार नाही. वाफेतून येणाऱ्या मुलीचा शॉट काहील उतरवल्यानंतर, दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतला जाईल. मुलगी काहिलीजवळ आहे असे पडद्यावर वाटेल, प्रत्यक्षात ती जवळ नसेल. दररोज पाच पालक उपस्थित राहतील आणि त्यांत किमान दोन महिला असतील.

मदत केवळ पैशाचीच हवी असे नाही. चार पहाटे ३५ माणसांचा चहा आणि न्याहारी लागेल. एकेका गल्लीने एकेक दिवस उचलला तर तो खर्च वाचेल. बापाच्या भूमिकेसाठी वापरातली, विरलेली घोंगडी हवी आहे आणि भाकरीसाठी जुना पितळी डबा. दोन्ही वस्तू नावानिशी नोंदवून जशाच्या तशा परत केल्या जातील. कोल्हापुरातील स्टुडिओंमध्ये प्रकाशयोजना, रंगभूषा किंवा ध्वनिमुद्रण यांवर काम केलेल्या आणि आता घरी असलेल्या जुन्या मंडळींना आमची हात जोडून विनंती आहे की, एखादी संध्याकाळ मुलांसाठी काढावी. हातातले कसब त्यांना कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. नोकरीनिमित्त पुणे-मुंबईस किंवा परदेशी असलेल्या गावकऱ्यांनी शक्य असल्यास आपल्या घरातील गुऱ्हाळाची जुनी छायाचित्रे पाठवावीत. श्रेयनामावलीची अक्षरे हाताने रंगवताना त्यांच्या पार्श्वभूमीसाठी ती वापरण्याचा मुलांचा विचार आहे.

देणगी वाचनालयाच्या कार्यालयात सायंकाळी ५ ते ८ या वेळेत स्वीकारली जाईल. रक्कम ५० रुपयांची असो वा ५,००० रुपयांची, पावती अवश्य घ्यावी. खाते क्रमांक कार्यालयाबाहेरील फलकावर लावला आहे. देणगीवर आयकरात सवलत मिळण्याचे प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ३१ डिसेंबरनंतर आलेली रक्कम या कामासाठी घेतली जाणार नाही, आणि खर्च भागून काही उरल्यास ते बालविभागाच्या पुस्तकांसाठी वापरले जाईल. जमाखर्चाचा कागद प्रजासत्ताक दिनी फलकावर लावण्यात येईल. संकलन पूर्ण झाल्यावर ही दोन मिनिटे वाचनालयाच्या अंगणात पांढरा पडदा बांधून सर्वांना विनामूल्य दाखवली जातील, आणि पहिल्या रांगेत गुऱ्हाळावरचे कामगार बसतील.

चित्रीकरण पाहायला जरूर यावे. थंडीत वाफ दाट दिसते म्हणून पहाटेची वेळ निवडली आहे, तेव्हा अंगावर पांघरूण घेऊन यावे आणि दोरीच्या बाहेर उभे राहावे. मोबाईल बंद ठेवावा. चरक थांबेल आणि गुळव्या गार पाण्यात हात घालतील, तेव्हा कृपया कोणीही बोलू नये.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, ग्रंथपाल आणि बालविभागाचे विद्यार्थी
सार्वजनिक वाचनालय