कलम मेले, खुंट फुटला: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय: 'कलमी चायना ऑरेंज, इनडोअर' हे झाड सदोष निघाल्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील झाड कुंडीसकट मागवले. पॅकिंग उत्तम होते, एक पान मोडलेले नव्हते, फांदीवर हिरवी फळेही होती. पुढे आधी फळे गळाली, मग पाने, आणि फांदी शेंड्याकडून वाळत खाली आली. तक्रार केल्यावर आपल्या प्रतिनिधींनी फोटो मागवला, बुंध्यापाशी आलेला कोंब पाहिला आणि 'झाड जिवंत आहे, नवी फूट येत आहे' असे कळवून तक्रार बंद केली. माझी हरकत याच वाक्याला आहे.

तो कोंब मी पैसे देऊन घेतलेल्या झाडाचा नाही. माझे माहेर वरूडचे. शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्यांमध्ये, म्हणजे रोपवाटिकांमध्ये, जंबेरीच्या खुंटावर (मुळे असलेल्या जंबेरी लिंबाच्या रोपावर) संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, कसा भरतात, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरतात आणि त्याच्या खाली काहीही फुटले की लगेच खुडतात. ती फूट खुंटाची असते. राहू दिली तर सगळा जोर तीच खाते आणि वरचे कलम उपाशी मरते.

आपण पाठवलेल्या कुंडीत वरचे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बाजूला केले, तेव्हा जोड, म्हणजे खुंट आणि कलम जुळतात ती जागा, त्याच्या खाली गाडलेला सापडला. डोळा बांधताना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती. ती सोडवली तर सालीत गोल खाच पडलेली. खाचेच्या वर साल काळी पडून बोट लावताच सुटत होती, कडेला डिंक आला होता. खाचेच्या खाली मात्र साल हिरवीगार, आणि हा कोंब तिथूनच निघाला आहे. त्याची पाने चायना ऑरेंजच्या पानांहून बरीच मोठी आहेत आणि बगलेत लांब काटे आहेत. याला आपण जिवंत झाड म्हणता? यावर कधी फळ धरलेच तर ते खुंटाचे धरेल, चायना ऑरेंजचे नाही.

'पाणी जास्त झाले असेल' असेही मला सांगण्यात आले. सतत ओल राहिली की लिंबूवर्गीय झाडांना डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक गळण्याचा रोग, होतो, हे खरेच. म्हणून तर जोड मातीच्या वर ठेवायचा असतो. मी कुंडी बदललेली नाही, माती भरलेली नाही. जोड गाडणे आणि पट्टी वेळेवर न सोडणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या आहेत.

या झाडाच्या जाहिरातीत 'कमी उजेडात, एसी बेडरूममध्येही बारा महिने फळे' असे लिहिले आहे. ते चूक आहे आणि ते तिथून काढायला हवे. मी झाड हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीत, थेट उन्हात ठेवले होते. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पहिल्यांदाच झाड आणणारे कितीतरी लोक तुमच्या शब्दावर ते कोपऱ्यात ठेवतील. लिंबू, संत्रे, चायना ऑरेंज, कोणतेही घ्या, निदान पाच-सहा तास ऊन मिळाल्याशिवाय ते धड फुलत नाही, आणि एसीच्या कोरड्या हवेत पानांवर कोळी ही रस शोषणारी बारीक कीड पडते. थंड देशांत ही झाडे घरात घेतात ती कडाक्याच्या थंडीपासून वाचवायला. व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 मध्ये नारिंगांसाठी खास इमारत बांधली, तिलाही दक्षिणेकडे प्रचंड खिडक्या ठेवल्या, आणि उन्हाळा आला की झाडे बाहेर मांडत. आपल्याकडे तर घरात ठेवायचे कारण जागेची अडचण एवढेच. ग्राहकाला हे आधी सांगा, मग विका.

तरी माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि झाडाची पूर्ण रक्कम परत करावी. बदली झाड मला नको. जाहिरातीतला मजकूर दुरुस्त करावा आणि यापुढे पट्टी सोडलेली, जोड मातीच्या वर असलेलीच कलमे पाठवावीत. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

वरचे कोकोपीट बाजूला करून पट्टी सोडवली, एवढे वगळता कुंडी जशी आली तशीच जपून ठेवली आहे. आपला माणूस पाठवून जोड प्रत्यक्ष पाहावा.

आपली,
एक ग्राहक
घोडबंदर रोड, ठाणे (प.)

सोबत: बिल, जोडाचे व कोंबाचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट