डॉक्टर विचारतात तेव्हा तरी लपवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सोयरीक जुळवताना आपल्याकडे शुगर, बीपीची चौकशी आता उघडपणे होते. आजोबांना कधीकाळी नैराश्य आलं होतं, हे मात्र लग्न मोडेल या धाकानं दडपलं जातं. पाहुण्यांपासून लपवणं एकवेळ समजू शकतं. डॉक्टरांपासून कशाला?

ओळखीतल्या एका घरातला मुलगा, वय १९, इंजिनिअरिंगला. जेवण सुटलं, कॉलेज सुटलं, अंघोळीलाही उठेना. धंतोलीत मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा मीही सोबत होते. "घरात आणखी कोणाला असा त्रास?" या प्रश्नावर आई लगेच म्हणाली, "नाही जी, आमच्याकडे असं कोणीच नाही." जिना उतरताना आजी बोलल्या, "अवं, तुझे सासरे महिना-महिना भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अन् मग एकदम रात्र-रात्र जागायचे, दिसेल त्याला पैसे वाटायचे. ते काय होतं?" आम्ही सगळे परत वर गेलो. बरं झालं गेलो. आजीचं वर्णन निव्वळ नैराश्याचं नव्हे, तर उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणाऱ्या द्विध्रुवी आजाराचं वाटत होतं. तो आजार घराण्यात असेल, तर नैराश्याची नेहमीची गोळी एकटी दिल्यावर उन्माद उसळू शकतो. म्हणून डॉक्टर औषध जपून निवडतात.

मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण हा हिशेब मेंडेलच्या वाटाण्यांसारखा सरळ नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तीव्र नैराश्यातला आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के निघतो. म्हणजे आजारी बापाच्या मुलाला ३७ टक्के धोका, असं नव्हे. माणसा-माणसांत या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांमुळे, इतकाच त्याचा अर्थ. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल, तर धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो. तरीही अशा घरांतल्या बहुतेकांना तो होत नाही, हे सोयरीक मोडणाऱ्यांनीही ऐकून ठेवावं.

यात वय फार महत्त्वाचं. आजार कोवळ्या वयात सुरू झाला आणि पुन्हा पुन्हा उलटला, तर आनुवंशिकतेचा धागा जास्त घट्ट असतो. साठीनंतर पहिल्यांदाच उदासी आली, तर तो धागा सहसा सैल असतो. तिथे मेंदूच्या रक्तवाहिन्या, थायरॉइड, विसरभोळेपणा यांकडे आधी पाहावं लागतं. म्हणून "कोणाला होता" याच्या जोडीला "कितव्या वर्षी सुरू झाला" हेही सांगायला हवं.

थुंकीचा नमुना पाठवून भविष्य कळतं, अशा जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नयेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतल्या ५० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेले जवळपास ७०० जनुकीय फरक सापडले. प्रत्येकाचा परिणाम अगदी चिमूटभर. शिवाय त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. त्यावरून आपल्या पोराचं निदान कोण करणार? त्यापेक्षा घरातल्या म्हातारीला विचारलेलं बरं, तेही फुकटात.

कॉलेज प्रवेशाच्या वेळी भरून घेतात त्या आरोग्य अर्जांत कुटुंबातल्या मधुमेहाचा, हृदयविकाराचा, क्षयाचा रकाना असतो. त्यात मानसिक आजार आणि तो सुरू झाल्याचं वय, एवढे दोन रकाने वाढवावेत. भरलेला अर्ज कॉलेजच्या डॉक्टरांखेरीज कोणाच्या हाती पडणार नाही, याची लेखी हमीही त्यावर छापावी. नाहीतर तिथेही "निरंक" असंच लिहिलं जाईल.

— एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर