गावची माती आणि कोरलेली थापी

पुणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गावच्या कुंभारकाकांबरोबर मातीकाम करायचं ठरवलंस, पण इलेक्ट्रिक भट्टी शिरूरला हलवायची घाई करू नकोस. तुझं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, १२२० अंशांना वितळतं. गावची लाल माती तेवढ्या आचेला टिकणार नाही. लोह भरपूर असल्यामुळे ती त्याआधीच फुगते, वाकते, खाली बसते. कुंभारकाकांचा आवा, म्हणजे त्यांची पारंपरिक भट्टी, ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान भाजतो. तेवढ्यातच काय करता येईल ते बघ. ग्लेझशिवाय भागत नाही असं वाटलं, तर इनामगाव आठव. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तिथं मिळालेली जोर्वे भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत: तांबडी, वर काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणणारी. ग्लेझ कुठेच नाही.

शेतातली काळी माती घेऊ नकोस. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना तितकीच आकसते आणि भांडं तडकतं. ओढ्यातला गाळ बरा, पण त्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं आव्यातून सुरेख निघतं आणि आठ-पंधरा दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी, ओल लागून चुना फुगला की टवका उडतो. म्हणून माती पाण्यात कालवून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळ. मग ओल्या मातीची पट्टी करून तिच्यावर १० सेंटीमीटरची रेघ मार. वाळल्यावर रेघ ९ सेंटीमीटरच उरली, तर माती फार चिकट आहे. लीद किंवा बारीक वाळू १०, १५, २० टक्के मिसळून तीन पट्ट्या कर. प्रमाण काकांना विचारलंस तर ते हाताच्या अंदाजानं सांगतील. ते आधी ऐक, मग मोज.

एकत्र काम करायची खरी जागा मला दिसते ती थापीत, म्हणजे माठ ठोकायच्या लाकडी फळीत. माठ काही चाकावरून पूर्ण होऊन उतरत नाही. आधी जाड घडवतात, जरा सुकून आवळला की आतून गोटा धरून बाहेरून थापीनं ठोकत वाढवतात. तू थापी कोरून दे, ठोकायचं त्यांनी. नक्षी आपोआप उमटेल. कोरीव दोन मिलिमीटरहून खोल नको, नाहीतर खाचेत भिंत पातळ होऊन तिथेच चीर जाते. बुडाला साधीच थापी. आणि माठाला आतून-बाहेरून काही फासू नकोस. पाणी पाझरून वाळतं म्हणूनच तो गार होतो.

तुझी जाड शिल्पं त्यांच्या आव्यात मात्र एवढ्यात नकोत. आत ओल राहिली, तर १०० अंशांच्या पुढे वाफ होऊन तुकडा फुटतो आणि ठिकऱ्यांनी शेजारचे माठही जातात. दोन सेंटीमीटरहून जाड काही असेल तर पोकळ कर, आठवडाभर सावलीत वाळव, वेगळं भाज. आणि थंड होताना घाई नको. ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ एकदम आकसतो. आवा लवकर उघडलास तर ‘टिंग’ असा आवाज येईल. तो चिरेचा.

पैशांचं आधी ठरव. नगाचा दर ठरवलास तर फुटलेल्या नगाचा तोटा कुणाचा, हेही तेव्हाच बोलून घे. निम्मा-निम्मा मला योग्य वाटतो. बुडावर दोघांचा ठसा हवा, फक्त तुझा नको. संक्रांतीआधी सुगडं, मग उन्हाळ्याचे माठ, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. या दिवसांत त्यांच्याकडे तुझं काम काढू नकोस. पावसाळ्यात तर आवाच बंद.

शेड झाडताना आधी पाणी शिंपड, मातीची धूळ फुप्फुसात बसते.

येताना तिन्ही पट्ट्या भाजून आण. सुक्या तोलायच्या, चोवीस तास पाण्यात बुडवून पुसून पुन्हा तोलायच्या. २०० ग्रॅमची २३० झाली, तर १५ टक्के पाणी प्याली. माठाला चालेल, आमटीच्या वाडग्याला नाही. ग्रॅमचा काटा इथे आहे.

तुझे
बाबा