पक्षिफेरी पाळीच्या माथ्यावरून नको

महोदय,

५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आटोपला की आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवरच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावांवरच्या पक्षिफेऱ्याही आटोपतात. वास्तविक हिवाळी पाहुणे तेव्हा कुठे यायला लागलेले असतात. पट्टकादंब, तलवार बदक, मोठी लालसरी यांचे थवे पाहायचे तर डिसेंबरअखेर ते जानेवारी हाच काळ. धानाच्या बांध्याही तोवर मोकळ्या होतात.

फेरीत दहा-बारा माणसं पुष्कळ झाली. बॅनर घेऊन पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, माथ्यावरून निघालेली शे-पन्नास पोरांची रांग पाण्यावरून थेट आभाळात दिसते. आधी अडई हे बदक शीळ घालत उठतं, मागोमाग सगळा तलाव उठतो. पाळीच्या मागच्या उतारानं चालावं आणि झाडाच्या आडून डोकवावं. सकाळी पूर्वेचा काठ धरावा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. पश्चिमेकडून सगळी बदकं काळीच दिसतात, मग जात ओळखण्यावरून फुकटचे वाद. धुकं दाट असेल तर ते निवळेपर्यंत झाडीतले पक्षी पाहावेत. दुर्बीण ८×४२ची पुरते. मफलर नाकावर ओढून ती डोळ्याला लावली की श्वासाची वाफ काचेवर चढते आणि दोष दुर्बिणीला जातो!

पाळीजवळच्या खोल पाण्यात बुडी मारणारी लालसरी शोधावी. शेपटी वर करून चरणारी तलवार बदकं आणि चक्रांग तलावाच्या पोटातल्या उथळ भागात, देवधानाच्या (रानटी भाताच्या) आसपास. हा भाग बेशरमीच्या झुडपांनी व्यापला की ही बदकं तलाव सोडतात, म्हणून तिची वाढही वहीत नोंदवावी. मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा ठोकळा नजरेत धरावा आणि थव्यावर पुढं सरकवत न्यावा. दोघांनी वेगवेगळं मोजावं, पण एकाच काठावरून; दोन काठांचे आकडे जोडले तर तेच पक्षी दोनदा धरले जातात. भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालून गेला असेल तर थवा पुन्हा बसेपर्यंत मोजणी थांबवावी.

जाळं कुठल्या दिवशी पडणार, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना आदल्या दिवशीच विचारावं. त्या दिवशी फेरी ठेवण्यात अर्थ नाही.

बांधीत (धानाच्या खाचरात) सारसाची जोडी दिसली तर रस्त्यावरूनच पाहावी. तिनं चरणं सोडून मान ताठ केली की आपण फार जवळ आलो समजावं आणि मागं फिरावं.

आपले,
काही पक्षिनिरीक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया