डग्ग्याशिवाय

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आता तरी तो ड्रमसेट विकून टाक" म्हणालो आणि तू फोन ठेवलास. फोनवर आपलं हल्ली भांडणच होतं, म्हणून लिहितोय.

काल तुझ्या खोलीत झाडायला गेलो. भिंतीवरचा तो ड्रमर इतकी वर्षं बघतोय. मला वाटायचं फोटोच तिरका काढलाय, डावा हात मागे असेल. हातच नाही, हे काल कळलं. मग रात्री बसून त्याच्याबद्दल सगळं वाचलं.

डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक बँडचा रिक ॲलन. बँडला ड्रमर हवा होता, त्या जाहिरातीला उत्तर म्हणे त्याच्या आईनं दिलं. १९७८ साली, पोरगा पंधराचा. हे वाचून दाखवल्यावर तुझ्या आईनं माझ्याकडे जे बघितलं, ते सांगत नाही.

३१ डिसेंबर १९८४ ला शेफिल्डजवळ ओव्हरटेकच्या नादात त्याची गाडी उलटली. (कोणाची आठवण होते बघ!) खांद्यापासून तुटलेला हात डॉक्टरांनी परत जोडला, पण जंतुसंसर्ग झाला आणि काढावाच लागला. वय एकवीस. मी तिथंच वाचायचं थांबलो. तबलजीचा डावा हात गेला की डग्गा मुका, 'धा'चा 'ता' होतो, पुढं काय वाचायचं?

पण त्यानं हिशेब वेगळा मांडला. डावा पाय आजवर हाय-हॅट, म्हणजे ती झांजांची जोडी, दाबण्यापुरता होता. डाव्या हाताचं काम त्यानं त्या पायाकडे दिलं. आधी हॉस्पिटलच्या पलंगावरच पायांनी ठोके. मग सिमन्स कंपनीची इलेक्ट्रॉनिक पॅड्स आणि डाव्या पायाशी पेडलांची रांग. एक दाबलं की स्नेअर ड्रम वाजणार, दुसरं दाबलं की टॉम ड्रम. वाजवतो अनवाणी. ते मला लगेच पटलं, बूट घालून कुठं ठेका कळतो?

बँडनं दुसरा ड्रमर शोधला नाही. १९८६ साली आयर्लंडमधल्या छोट्या कार्यक्रमांना आधार म्हणून स्टेटस क्वो बँडचा ड्रमर जेफ रिच शेजारी दुसऱ्या सेटवर बसायचा. एकदा त्याला पोचायला उशीर झाला, रिकनं एकट्यानं निभावलं आणि मग जेफचं कामच उरलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडात डॉनिंग्टनच्या मैदानात हजारो लोकांसमोर वाजवलं. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या 'हिस्टेरिया' अल्बमच्या दोन कोटींच्या वर प्रती खपल्या. ते बरंच झालं, पण मला तो उशिरा आलेला जेफच जास्त आवडला.

तुझं तर नुसतं मनगट आहे, सहा आठवड्यांचं प्लास्टर. तुझ्या बँडमधली पोरं तेवढं थांबतील का, मला माहीत नाही. पण सेट विकायचं माझं बोलणं मागे घेतो.

एक सांगायचं राहिलं. रात्री मी डग्गा बाजूला ठेवला, उजव्या हातानं तबला आणि डाव्या टाचेनं फरशीवर 'घे' मारून बघितला. साधा त्रिताल. दुसऱ्याच आवर्तनात पोटरीत गोळा आला, सम कुठच्या कुठं गेली. आई दारात उभी राहून म्हणाली, "खालचे लोक वर येतील हो." आज परत बसणार आहे, सतरंजी दुहेरी घालून.

औषधं वेळेवर घे.

तुझा,
बाबा